लव्ह स्टोरी घ्यायच्या आधी दुकानातच कशी पारखायची

ऑगस्ट २०१९ ला सांगलीत पाणी आलं तेव्हा आम्ही गावभागात तळमजल्याला राहायचो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी गेलं ५७ फुटांच्या वर, त्यामुळं गॅस आणि गाद्या आणि सासऱ्यांची कागदपत्रं वर चढवेपर्यंत पलंगाखालची पुस्तकांची दोन खोकी राहिलीच. सत्तरएक पुस्तकं असतील, जवळपास सगळ्या लव्ह स्टोऱ्या, मराठी इंग्लिश मिक्स. पाणी उतरल्यावर खोकी उघडली तर नुसता लगदा. रडले वगैरे नाही, त्या आठवड्यात रडायला त्याच्यापेक्षा मोठी कारणं होती. पण पुढच्या दोन वर्षांत त्यातली परत विकत घेतली ती फक्त पाच, आणि बाकीच्या पासष्टमधल्या निम्म्यांची तर नावंसुद्धा आठवेनात, मग डोक्यात किडा वळवळायला लागला की याच पाचांत असं काय होतं.

मी मिरजेत एका मेडिकल दुकानात फार्मासिस्ट आहे. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी, काउंटरखाली पुस्तक उघडं असतं. वीसेक वर्षं हेच चाललंय. त्यामुळं भाच्या, मैत्रिणी, समोरच्या लॅबमधल्या पोरी सगळ्या विचारतात, ताई कुठलं घेऊ, पैसे वाया जायला नकोत. आजकाल पुस्तक तीनशे-चारशेच्या खाली येत नाही म्हणजे प्रश्न बरोबरच आहे. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते, आजच्या काळात घडणाऱ्या प्रेमकादंबऱ्यांपुरतं. राजवाडे, तलवारी, व्हॅम्पायर वगैरेंचा हिशोब वेगळा.

आधी शेवट बघा, बिनधास्त

हे सांगितलं की लोक अंगावर येतात, शेवट वाचला तर मजा काय राहिली म्हणून. अहो पण लव्ह स्टोरीत शेवट आधीच माहीत असतो, दोघं एकत्र येणार. अमेरिकेत रोमान्स लिहिणाऱ्या लेखकांची एक संघटना आहे, त्यांच्या व्याख्येत दोनच अटी आहेत, मध्यभागी प्रेमकथा हवी आणि शेवट समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. बस. लग्न पाहिजेच असंही नाही, पण पुस्तक मिटताना या दोघांचं बरं चाललंय असं वाटायला पाहिजे. रहस्यकथेत खून झाला तर खुनी सापडलाच पाहिजे तसं हे आहे, ते वाचकाला दिलेलं वचन असतं.

आपल्याकडं घोळ असा होतो की कव्हरवर ‘एक हळवी प्रेमकथा’ छापलेलं असतं, गुलाबी रंग, दोन हात हातात, आणि पान २८० वर हिरोला ब्लड कॅन्सर. शोकांतिका वाईट असते असं मी म्हणत नाही, मी पण वाचते, पण मग तसं कव्हरवर तरी कळू दे. मला एकदा असंच गंडवलंय, एसटीत बसून इस्लामपूरपर्यंत नाक पुसत गेले, शेजारची बाई विचारायला लागली कोण गेलं ओ. आणि त्या हिरोचं आजारपण तर असलं की केमो चालू असताना केस तसेच, वजन तसंच, संध्याकाळी गिटार. आमच्या दुकानातून रोज कॅन्सरची औषधं जातात ओ, बघतेय मी माणसं कशी दिसतात ते.

म्हणून शेवटची दोन पानं दुकानात उभ्या उभ्या वाचायची. जिवंत आहेत का दोघं, एकत्र आहेत का. आणि त्याहून महत्त्वाचं, शेवटच्या पानावरचा एखादा संदर्भ तुम्हाला कळला नाही तर चांगली खूण आहे. म्हणजे तो तिला शेवटी म्हणतो ‘कात्री आणलीयेस का’ आणि ती हसायला लागते, आणि आपल्याला काहीच कळत नाही, याचा अर्थ मधल्या तीनशे पानांत त्या कात्रीचं काहीतरी झालंय. पण शेवटचं पान कुठल्याही पुस्तकाला चिकटवलं तरी चालेल असं असेल, सूर्यास्त, मिठी, ‘ती त्याच्यात विरघळून गेली’, तर ठेवा परत.

मागच्या कव्हरवर ‘पण’ शोधा

मागचा मजकूर वाचताना फक्त ‘पण’ या शब्दानंतर काय येतं ते वाचायचं. ‘पण नियतीच्या मनात काही वेगळंच होतं’ असं असेल तर समजायचं की लेखकाकडं अडथळाच नाहीये, म्हणून नियतीला बोलावलंय. ‘पण दोघांचाही एक भूतकाळ होता’, हे पण तसलंच, भूतकाळ कुणाला नसतो. याच्या उलट, ‘पण ज्या जागेवर त्याला हॉटेल काढायचंय ती तिच्या आजीच्या नावावर आहे’ असं काही असेल तर बरं, किमान काहीतरी हाताला लागतंय.

सगळा खेळ या अडथळ्याचा आहे. पामेला रेजिस म्हणून एक अभ्यासक बाई आहेत, त्यांनी २००३ साली प्रेमकादंबरीवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात अशा कादंबरीत असतातच असे आठ भाग सांगितले: भोवतालचा समाज, भेट, अडथळा, ओढ, प्रेमाची कबुली, सगळं संपलं असं वाटायला लावणारा क्षण, मग डोळे उघडणं, आणि शेवटी एकत्र येणं ठरणं. क्रम पुढंमागं होतो. मी माझ्या त्या पाच पुस्तकांना हे आठ लावून बघितले, सगळ्यांत सापडले. गंमत म्हणजे आठवत होत्या तेवढ्या वाईट पुस्तकांना लावले तर त्यांच्यातही सापडले! म्हणजे आठ भाग असून भागत नाही. फरक होता तो तिसऱ्याच्या वजनात, अडथळा किती खरा आहे त्याच्यात.

पाच मिनिटांच्या फोनची परीक्षा

ही एकच लक्षात ठेवलीत तरी माझं लिहिणं वसूल. अडथळा काय आहे ते कळलं की स्वतःला विचारायचं, या दोघांनी पाच मिनिटं फोनवर सरळ बोलून घेतलं असतं तर पुस्तक संपलं असतं का? हो असेल तर तो अडथळा नाही, नुसता टाइमपास आहे. तिनं त्याला कॉफी शॉपमध्ये दुसऱ्या मुलीला मिठी मारताना बघितलं, ती होती त्याची चुलत बहीण, हिनं नंबर ब्लॉक केला, चल दीडशे पानं. असल्या पुस्तकात शेवटी ते एकत्र आले तरी आपल्याला आनंद होत नाही, उलट राग येतो की एवढं साधं होतं तर माझा रविवार का घालवला.

खरा अडथळा असा असतो की बोलून झालं, दोघांना दोघांचं पटलं, तरी प्रश्न उभाच. आता आपल्याकडचंच धरा. तासगावकडची पोरगी, वडील गेल्यावर चार एकर द्राक्षबाग तीच बघते, डोक्यावर सोसायटीचं कर्ज. पोरगा हिंजवडीला नोकरीला, त्याच्या पगारावर धाकट्या बहिणीचं शिक्षण चाललंय. दोघांचं प्रेम आहे, गैरसमज शून्य, घरचे पण तयार. आता? जो कोणी हलेल त्याचं काहीतरी कायमचं जाणार. अशा ठिकाणी मी बसून वाचते, कारण मला खरंच माहीत नसतं की हे कसं सुटणार, जरी सुटणार हे माहीत असलं तरी. आणि इथं लेखकाची अक्कल बारक्या गोष्टीत दिसते. तो पोरगा एकदम उत्साहात म्हणाला की लग्न ऑक्टोबरात करू, तर मी तिथंच ओळखीन की याला अजून ती कळलेलीच नाही, कारण ऑक्टोबरात फळछाटणी असते आणि ती पोरगी त्या महिन्यात स्वतःच्या लग्नालासुद्धा यायची नाही. आणि दोनशे पानांनंतर तोच पोरगा स्वतःहून म्हणाला की छाटणी होऊ दे मग बघू, तर त्या एका वाक्यावर मी पुस्तक मिटून पाच मिनिटं पंख्याकडं बघत बसेन, गुलाबाची फुलं, गुडघ्यावर बसणं काही नको.

गैरसमज वापरूच नयेत असं नाही हां. जेन ऑस्टेनचं १८१३ सालचं प्राइड अँड प्रेज्युडिस घ्या, अजूनपण सगळे त्याच्याच कॉप्या मारतात. ६१ प्रकरणं आहेत, हिरो डार्सी हिरोइनला, एलिझाबेथला, पहिल्यांदा मागणी घालतो ती ३४ व्या प्रकरणात, म्हणजे निम्म्याच्या जरासं पुढं, आणि मागणी घालताना तुझं घराणं किती खालचं आहे ते पण ऐकवतो. ती नाही म्हणते. लगेच ३५ व्या प्रकरणात त्याचं पत्र, त्यात बरेचसे गैरसमज दूर. म्हणजे फोन झाला की! तरी अजून २६ प्रकरणं बाकी आहेत. कारण गैरसमज हा अडथळा नव्हताच, त्याचा ताठा खरा होता, तिची घाईघाईनं मत बनवायची सवय खरी होती, आणि ते पत्रानं जात नाही, त्याला वेळ लागतो. आताच्या लोकांनी नेमकी भांडणं उचलली आणि ही २६ प्रकरणं सोडून दिली.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता हिरो काय करतोय?

पुस्तक मध्येच कुठंतरी उघडा आणि हे शोधा. आपल्याकडच्या अर्ध्या कादंबऱ्यांत हिरो कुठल्यातरी इंडस्ट्रीजचा मालक असतो, काळी गाडी, केबिनला काच, आणि काम म्हणून एकच, रागानं फाइल आपटणं. कंपनी काय बनवते ते तीनशे पानांत कळत नाही. कुपवाड एमआयडीसीत एकदा सकाळी जाऊन या म्हणावं, छोट्या कारखान्याचा मालक अकरा वाजता काय करत असतो, लाइट गेलेली असते, माल अडकलेला असतो, आणि तो स्वतः फोनवर कुणाच्यातरी विनवण्या करत असतो. असा माणूस प्रेमात पडला तर मला जास्त इंटरेस्ट आहे.

श्रीमंत हिरो असू नये असं नाही, स्वप्न बघायलाच तर वाचतो आपण, मला पण आवडतं कुणीतरी बिल भरलेलं. पण काम दाखवलं की माणूस दिसतो, नाहीतर नुसता सूट दिसतो. हिरोइनला पण हेच लावा. ‘ती डॉक्टर होती’ एवढं पहिल्या पानावर लिहून पुढं तिला एकही नाइट ड्युटी नाही, दर संध्याकाळी फ्री, असली डॉक्टर मला दाखवा, मी तिचा सत्कार करते.

भांडणाचं पान काढा

आता एखादं भांडण शोधून वाचा आणि ‘तो म्हणाला, ती म्हणाली’ वर बोट ठेवून झाका. कोण बोलतंय ते नुसत्या बोलण्यावरून कळतंय का? नसेल कळत तर दोघांच्या तोंडून लेखकच बोलतोय. आणि प्रेमकादंबरीत तर सगळी मजा बोलण्यात असते, शरीराचं वर्णन तीन पानांत संपतं.

आमच्या भागातली गोष्ट असेल तर मी आणखी एक बघते. एका पुस्तकात हिरोइन सांगलीतल्या विश्रामबागची, कॉलेजची पोरगी, आणि बोलते काय, ‘अय्या, तू ना अगदी हा आहेस’. आमच्या इकडच्या पोरी मैत्रिणीला ‘जातो गं मी’, ‘आलो थांब’ असं बोलतात, पुण्याच्या लोकांना हसू येतं पण बोलतात. ती पोरगी घरात एक, कॉलेजात एक आणि त्याच्यासमोर जरा वेगळं बोलली असती, आणि एके दिवशी चुकून त्याच्यासमोर ‘जातो मी’ निघून गेलं असतं, तर तेवढ्यात कळलं असतं की आता ती त्याच्यापाशी मोकळी झाली. फुकट मिळालेली गोष्ट होती ती, लेखकानं घालवली.

मनगट धरणं, रस्त्यात ओढणं, दुसऱ्या कुणाशी बोलली म्हणून भिंतीवर बुक्की मारणं, याला प्रेम म्हणून विकणारं पुस्तक मी सरळ ठेवते, त्यावर जास्त बोलायची इच्छा नाही. काउंटरच्या पलीकडून अशी मनगटं बघितलेली आहेत, मलम देते मी त्यांना.

तसल्या सीनबद्दल पण विचारतात लाजत लाजत. असू देत की. माझी परीक्षा एवढीच, सीन गाळून वाचलं तर काही चुकल्यासारखं वाटतं का? सीनच्या आधी ती त्याच्याशी जशी वागत होती तशीच नंतर वागली तर ती नुसती भर आहे, आणि नंतर काहीतरी बदललं, कुणी जास्त घाबरलं, कुणी पहिल्यांदा खरं बोललं, तर तो गोष्टीचाच भाग.

शेवटच्या पाव भागात माफी कशी मागितलीय

इथं पुस्तकं तरतात नाहीतर बुडतात, म्हणून सवडीनं बघा. साधारण पाऊण पुस्तक झालं की एक मोठं तुटणं येतं, याला इंग्लिश वाचणारी पोरं थर्ड अ‍ॅक्ट ब्रेकअप म्हणतात, आणि बऱ्याच जणांना आता त्याचा कंटाळा आलाय कारण ते वेळापत्रकानं येतं, सव्वादोनशे पानं समजूतदार वागलेला माणूस अचानक दोनशे चाळीसाव्या पानावर मूर्खासारखा वागतो कारण लेखकाला तिथं ब्रेकअप हवाय. तुटायचं असेल तर पहिल्या पन्नास पानांत जी भीती दाखवली होती तिच्यामुळं तुटू दे. तिला पहिल्यापासून सोडून जाण्याची भीती आहे आणि त्यानं न सांगता बदली घेतली, हे दुखतं. बरोबर जागी दुखतं.

आणि मग माफी. वाईट पुस्तकात माफी म्हणजे विमानतळावर पळणं, किंवा स्टेजवर माइक घेऊन सगळ्यांसमोर आय लव्ह यू, किंवा हिऱ्याची अंगठी. मला तर सगळ्यांसमोर मागितलेली माफी ही दमदाटीच वाटते, शंभर लोक टाळ्या वाजवत असताना ती बिचारी नाही कशी म्हणणार. माझ्या पाचही पुस्तकांत माफी खाजगीत आहे, हे मला फार उशिरा लक्षात आलं. चांगल्या माफीत तो नेमकं काय केलं ते नाव घेऊन सांगतो, ‘काही चुकलं असेल तर’ असं म्हणत नाही. त्याला त्यासाठी काहीतरी झळ बसलेली असते, पैसा, मान, वेळ, काहीही. आणि तिला नाही म्हणायला जागा ठेवलेली असते. परत डार्सीच बघा, तिची बहीण एकाबरोबर पळून जाते ते प्रकरण तो गुपचूप निस्तरतो, त्या माणसाचा त्याला सगळ्यात जास्त तिटकारा तरी त्याचंच कर्ज फेडतो, आणि तिला सांगायचं नाही म्हणून बजावतो, तिला कळतं ते मामीच्या पत्रातून. नंतर ५८ व्या प्रकरणात परत विचारतो तेव्हा सांगतो की तुझं मन अजून तेच असेल तर एका शब्दात सांग, मी पुन्हा विषय काढणार नाही. दोनशे वर्षं झाली, अजून बायका त्याच्या नावानं उसासे टाकतात ते काय त्याच्या इस्टेटीसाठी? बरं, थोडं इस्टेटीसाठी पण असेल.

एकट्या हिरोनंच बदलायचं आणि हिरोइन पहिल्यापासून परफेक्ट, हे पण मला पोटभर वाटत नाही. तिचंही काहीतरी चुकलेलं हवं, आणि तिनंही माफी मागायला हवी.

मोबाइलवर वाचत असाल तर

किंडलवर फुकट सँपल मिळतं ते बहुतेक पुस्तकाच्या सुरुवातीचा दहाएक टक्के भाग असतो, आणि सुरुवात सगळेच घासूनपुसून लिहितात, त्यामुळं सँपलवर भाळू नका. सँपलमध्ये एवढंच बघा की पहिल्या भेटीत दोघांनी एकमेकांबद्दल दिसण्याव्यतिरिक्त काही टिपलं का. डोळे, ओठ, सिक्स पॅक यापलीकडं एक तरी गोष्ट. बाकी अंदाज तीन स्टारवाल्या रिव्ह्यूंवरून घ्या, पाच स्टारवाले प्रेमात असतात आणि एक स्टारवाल्यांची कधीकधी डिलिव्हरीच उशिरा आलेली असते. तीनवाला माणूस नीट सांगतो काय जमलं, काय फसलं.

मोबाइलवर रोज भागाभागानं येणाऱ्या मराठी कथांचं मात्र जपून. तिथं रोज एक भाग, प्रत्येक भागाच्या शेवटी दार वाजतं किंवा फोन येतो. लेखिकेची पण चूक नाही, घरचं सगळं आवरून रात्री साडेअकराला लिहिते, आणि वाचक रोज उद्याचा भाग मागतात, मग गोष्ट संपायला आली तरी संपवता येत नाही, ‘कॉन्ट्रॅक्ट मॅरेज’चं चाळीसाव्या भागाला खरं लग्न होऊन गेलेलं असतं आणि नव्वदाव्या भागाला जुनी प्रेयसी परत येते. माझा नियम, कथा पूर्ण झालेली असेल तरच हात लावायचा, पहिला भाग, मधला एखादा आणि शेवटून दुसरा वाचून बघायचा, आणि मधल्या भागाखाली वाचक ‘ताई पुढं सरकवा ना’ म्हणत असतील तर आपण पण सरकायचं. यातनं पण हिरे निघतात हां, माझ्या पाचातलं एक असंच फोनवर वाचलेलं, नंतर छापून आलं तेव्हा घेतलं होतं, ते पण पाण्यात गेलं, परत घेतलं.

घेऊन पण फसलात तर पन्नास पानांवर सोडून द्या. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा म्हणून मी रोज दहा जणांना सांगते, कादंबरीचा कोर्स अर्धवट सोडला तर काही होत नाही. फक्त सोडताना मागच्या पानावर पेन्सिलीनं कारण लिहायचं, ‘फोन केला असता तर’ किंवा ‘काम काय करतो कळत नाही’ असं, म्हणजे तीच चूक परत विकत घेत नाही आपण. मी हे पूर येऊन गेल्यावर सुरू केलं. त्याआधी केलं असतं तर खोकं एकच भरलं असतं.

आता आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, विश्रामबागला. पाचातली चार कपाटात वरच्या फळीवर आहेत. पाचवं भाचीकडं, तीन महिने झाले. मागितलं की म्हणते, मावशी शेवटचं प्रकरण राहिलंय गं. शेवट तर तिनं नेलं त्याच दिवशी रिक्षात बसून वाचलाय, मीच शिकवलंय तिला.